आराखडा टेलकडून काढावा
(झरी, ता. जि. परभणी येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्याविषयी बोलायचा अधिकार त्यांच्या विद्यार्थ्यांचा, आणि ते समोरच बसले आहेत. मी बाहेरचा. आयुष्यभर कालव्यावर नोकरी केली, म्हणून मला विषय दिला ‘प्रकल्पाचे नियोजन कसे करावे’. निमंत्रणपत्रिकेवर हे वाचून कोणी घरीच थांबले असेल तर त्यांचे काही चुकले नाही. नियोजन म्हटले की डोळ्यांपुढे येते ती जाड फाइल, तिच्यात एक रंगीत तक्ता, आणि तक्त्याखाली ज्या साहेबाची सही आहे त्याची बदली झालेली. असल्या फायली मीही केल्या आहेत. आज त्यातल्या एका फायलीची चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे. पण तिकडे जाण्याआधी एक कागद दाखवतो.

आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. ती आपल्या परभणीवरून, गंगाखेडवरून जाते, हे तुम्हाला सांगायला नको. तिच्या मार्गाचे पत्रक निघते. तिथी, वार, दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, एवढेच त्यात असते. ‘वारकरी संप्रदायाचे बळकटीकरण’ असला एकही शब्द नाही. पण हे पत्रक तयार कसे होते ते बघा. सुरुवात पंढरपुरापासून होते. एकादशी ठरलेली, ती कोणाच्या सोयीने पुढे-मागे होणार नाही. तिथून एकेक मुक्काम मागे मोजत यायचे. माणसे दिवसाला चालून चालून किती चालतील, पावसात किती, एवढ्या ताटांची सोय कोणत्या गावाला पेलते, हे सगळे मागे मोजत शेगावच्या देवळाशी पोचले की निघायची तारीख आपोआप हाती लागते. निघायची तारीख कोणी मनाने ठरवत नाही, ती हिशेबातून निघते.

सरकारी प्रकल्पात आपण नेमके उलटे करतो. निघायची तारीख आधी ठरवतो, तिचा मोठा सोहळा करतो, कोनशिला बसवतो. पोचायची तारीख मात्र ‘यथावकाश’.

आता जायकवाडी घ्या. मराठवाड्यात नियोजनावर बोलायचे आणि जायकवाडी टाळायची, हे गोदावरीच्या काठी बसून पाणी न पिण्यासारखे आहे. पहिली गंमत नावातच आहे. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातले गाव. हैदराबाद संस्थानाच्या काळात पहिला प्रस्ताव झाला तो त्या गावाजवळ धरण बांधण्याचा. पुढे संस्थान गेले, भाषावार राज्ये झाली, आणि नव्या आखणीत धरण नदीच्या वरच्या अंगाला, जवळजवळ शंभर किलोमीटरवर, पैठणला सरकले. कारण रास्त होते. जागा उंच मिळाली की कालवा लांब नेता येतो आणि जास्त रान भिजते. धरण हलले, नाव तेच राहिले. मला यात वाईट काही दिसत नाही. आराखड्यात बदल करायला लाज वाटू नये, याचा हा चांगला दाखला आहे. कागदावरची रेघ शंभर किलोमीटर हलवायला खोडरबर पुरते. काँक्रीट ओतल्यावर मात्र एक फूटही हलत नाही.

१९६४ मध्ये मान्यता मिळाली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणजे दहा वर्षे आणि चार महिने. एवढे लांबलचक मातीचे धरण, २७ दरवाजे, १०२ टीएमसीचा साठा, त्यातला उपयुक्त ७६ टीएमसीच्या वर. शंकरराव चव्हाणांनी हा प्रकल्प कसा रेटून नेला ते जुन्या माणसांना आठवत असेल. धरण म्हणून बघाल तर ही दहा वर्षे अभिमानाची आहेत.

पण धरण म्हणजे प्रकल्प नव्हे. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. डाव्या कालव्यावर भिजवायचे ठरले होते सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर. हा कालवा पैठणहून निघतो, जालना जिल्हा ओलांडतो आणि आपल्या जिल्ह्यात येतो तेव्हा दमलेला असतो. आपण या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आहोत. टेल हा शब्द इथे सगळ्यांना कळतो, शाळेत न गेलेल्यालाही. ‘हेडवाल्यांनी पाणी उचललं, टेलला काही आलंच नाही’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकले आहे की झोपेतही त्याला उत्तर देईन.

जरा हिशेब करू. हा माझ्या मनातला आहे, कोणत्या अहवालातला नाही. समजा कालव्यात दर दहा किलोमीटरला दोनच टक्के पाणी झिरपले, उडाले, कोणी उपसले. दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असे कोणीही म्हणेल. पण दोनशे किलोमीटर म्हणजे असे वीस टप्पे. शंभर घागरींपैकी शेवटी सदुसष्ट उरतात. दोनाचे चार टक्के करा, मग उरतात चव्वेचाळीस. ही नुसती गळती झाली. वाटेत हक्काने भिजणारे रान अजून धरलेलेच नाही. हेडला उभा राहून आराखडा करणाऱ्याला भरलेला कालवा दिसतो. टेलला उभा राहणाऱ्याला हे चव्वेचाळीस दिसतात.

मी टेलला उभा राहून खूप काही शिकलो. एक रात्र सांगतो. रब्बीचे आवर्तन, जानेवारीतली थंडी, मध्यरात्र उलटलेली. एका शेवटच्या विमोचकाशी, म्हणजे चारीत पाणी सोडायच्या दाराशी, एक म्हातारा फावडे घेऊन, गोधडी पांघरून बसला होता. पाळीपत्रकावर त्याची वेळ रात्री दोनची. पाणी पोचले नव्हते. मी बॅटरी मारली. पोटचारीच्या तळाशी ओल होती, बोट बुडेल एवढीही नाही. म्हातारा म्हणाला, “सायेब, कागदावर माजं पाणी दोनला सुरू हून च्यारला संपनार. म्या च्यारला घरी जाऊ का?” मला हसू आले आणि लगेच लाजही वाटली. त्याच्या पाळीपत्रकात सगळे होते. नाव, गट नंबर, क्षेत्र, तास, मिनिटे. नव्हते ते इतकेच, की मागच्या सात जणांपैकी एकाने दार वेळेवर बंद केले नाही तर या माणसाचे काय.

खरे तर आमच्या खात्यातच याचे उत्तर जुन्या नियमात आहे. पाणी द्यायची सुरुवात टेलकडून करायची आणि हेडकडे यायचे. शेवटच्याचे रान आधी भिजले की वरच्याला आपोआप मिळतेच, पाणी त्याच्या दारावरूनच जाते. वरच्याने आधी घेतले तर खालच्याला मिळेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. नियम चांगला, पाळणे अवघड. कारण दारावरून वाहणारे पाणी न अडवता बघत बसायला मोठे मन लागते. ते नसेल तर वर कालवा निरीक्षक लागतो आणि त्याच्या पाठीशी गाव लागते.

नाशिक जिल्ह्यात हे एका ठिकाणी जमले. वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरचे शेतकरी टेलला, आणि त्यांना पाणी मिळत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने १९९० च्या सुमारास पाणी वापर संस्था उभ्या करायला घेतल्या, त्या टेललाच. हेडवाल्यांना संस्थेची गरज नव्हती. त्यांच्याकडे पाणी होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यापासून सुरुवात झाली आणि मग वर सरकत सरकत पुढे २४ संस्था झाल्या, अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या हाती आला. २००५ साली राज्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, तेव्हा वाघाडचे उदाहरण बोलणाऱ्यांच्या तोंडी होते.

त्याआधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. १९७२ च्या दुष्काळातून निघालेले काम ते. त्यांनी हिशेब माणसापासून धरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, आणि ऊस लावायचा नाही. मग मागे येत, किती पाणी साठवायचे, पंप किती अश्वशक्तीचा, पैसा किती. जायकवाडीच्या मूळ पीकरचनेतही उसाला थोडीच जागा होती. पुढे काय झाले ते तुमच्या शिवारात तुम्ही बघता. मी कारखान्यांविषयी बोलणार नाही, नाहीतर सभा उद्या सकाळपर्यंत चालेल.

आता माझी चूक.

एका लघुवितरिकेची पोटचारी करायची होती. गाव सांगत नाही, पण जमीन आपल्यासारखीच, काळी, भारी. मी मोठ्या हौसेने आराखडा केला. मोजणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, काम, प्रत्येकापुढे महिना. एकावर एक रचत गेलो तसतसे प्रत्यक्ष खोदाईचे महिने आले ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. वरून मंजुरी आली, कंत्राटदार यंत्र घेऊन वावरात गेला, आणि समोर पऱ्हाटी उभी. बोंडे फुटलेली, पहिली वेचणी चालू. एक बाई ओटीत कापूस धरून यंत्रापुढे उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. यंत्र परत गेले. जानेवारीत वेचणी संपली, पण तोवर शेजारच्या पट्ट्यात हरभरा होता. मार्चअखेर आली, निधी परत गेला. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा मंजुरीपासून.

ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नाही आणि इथला शाळकरी पोरगाही मला सांगू शकला असता. आपल्याकडे खोदाईचे दिवस मार्च ते मे. रान रिकामे तेव्हाच असते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर काळ्या रानात यंत्र सोडा, बैल रुततो. म्हणजे अख्ख्या वर्षात काम करायला तीन महिने, आणि त्याच तीन महिन्यांच्या पोटात सरकारचे वर्ष संपते. जमिनीचे वर्ष आणि पैशाचे वर्ष असे एकमेकांना छेद देतात. मी हेडकडून महिने मोजले होते. टेलकडून मोजले असते तर? खोदाई १५ मार्चला सुरू व्हायची, तर कार्यादेश फेब्रुवारीत हवा, निविदा डिसेंबरात, मोजणी गेल्या उन्हाळ्यातच हवी, कारण पावसाळ्यात आणि उभ्या पिकात साखळी टाकता येत नाही. म्हणजे या वर्षीच्या पोटचारीचा विचार गेल्या वर्षी एप्रिलमध्ये व्हायला हवा होता. मी तो जुलैत सुरू केला. तीन महिन्यांनी चुकलो आणि एक वर्ष गेले.

काळ्या जमिनीचे आणखी एक. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर थेट अस्तर टाकले तर दोन-तीन पावसाळ्यांत काँक्रीट फुगवट्याने उचलले जाते, तडकते आणि फरश्या कालव्यात घसरतात. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावर वर्षानुवर्षे काम करून दाखवले की मधे न फुगणाऱ्या चिकट मातीचा ठरावीक जाडीचा थर दिला तर फुगवटा आटोक्यात राहतो. आमच्याकडे त्यासाठी योग्य मुरूम शोधतात. आता हा मुरूम काही काळ्या पट्ट्यात मिळत नाही, लांबून आणावा लागतो. ज्याने खाण कुठे आहे हे आधी पाहिले नाही, त्याच्या तक्त्यातली अस्तराची तारीख ही निव्वळ आशा. मोठ्या कामाला काय लागते म्हणाल तर अशा बारक्या गोष्टींची ओळख. खाण, वेचणी, ओटीतला कापूस.

मागे मोजत येण्याची ही रीत जगाने आता शास्त्र करून ठेवली आहे. अमेरिकेत १९५७-५८ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीच्या कारखान्यांसाठी आणि नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी कामांची जाळी मांडायच्या पद्धती निघाल्या. त्यात एकदा पुढे मोजत जायचे आणि एकदा शेवटच्या तारखेपासून मागे यायचे. दोन्ही हिशेबांत ज्या कामाला एक दिवसाचीही सवलत उरत नाही, त्याच्यावर डोळा ठेवायचा. बाकीची कामे चार दिवस इकडेतिकडे झाली तरी चालतात. माझ्या पोटचारीत असे एकच काम होते, उन्हाळ्यातली मोजणी. मी अंदाजपत्रकाची अक्षरे सुबक करण्यात वेळ घालवला.

आपल्याकडे ई. श्रीधरन यांनी कोकण रेल्वेवर उलटी घड्याळे लावली. किती दिवस झाले हे न दाखवता किती उरले ते दाखवणारी. १९ जुलै १९९० ला महामंडळ झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. ठरल्यापेक्षा उशीर झालाच. पेडण्याच्या बोगद्यातली मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. उलटे घड्याळ माती घट्ट करत नाही. पण आपण नेमके कुठे अडकलो आहोत हे घड्याळ लपवू देत नाही, आणि माझ्या मते निम्मे नियोजन तेवढेच असते.

याच्या शेजारी आपल्या मराठवाड्याची रेल्वे ठेवा. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, १९९५ ची मंजुरी. बीडला पहिली गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे. कोकणात सह्याद्री फोडला, तिथे फोडायला सह्याद्री नव्हता. भूसंपादन होते आणि दर वर्षी थोडा थोडा निधी होता. आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीला निम्न दुधना प्रकल्प, मान्यता १९७९ ची. २०१६ साली केंद्राने देशभरातल्या ९९ रखडलेल्या सिंचन प्रकल्पांची यादी प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत घेतली, त्यात हा होता. सदतीस वर्षांनी ‘रखडलेला’ म्हणून मान मिळाला. १९७९ मध्ये जन्मलेला पोरगा तोवर बाप झाला होता. ज्याच्या बापाची जमीन बुडाली त्याला कालव्याचे पाणी कधी, हा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

आणि टेल ही गोष्ट फक्त गावापुरती नसते. जायकवाडी बांधताना आपण म्हणालो, धरणाचा नाथसागर जलाशय भरला की झाले. पण गोदावरीच्या खोऱ्यात अख्खी जायकवाडीच नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांच्या टेलला आहे, हे दुष्काळांनी शिकवले. शेवटी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढावा लागला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ठरल्यापेक्षा, म्हणजे ६५ टक्क्यांपेक्षा, कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे. यात मला तारीख सगळ्यात आवडते. ‘गरज भासल्यास’ नाही, १५ ऑक्टोबर. भांडण उरतेच, दर दुष्काळात उरते, पण कशावर भांडायचे ते ठरते.

हे सगळे मोठ्यांचे झाले. गावाचे काय? २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीला आपला विकास आराखडा करायचा असतो. मी बरेच पाहिले आहेत. बहुतेक आराखडे म्हणजे यादी असते. सिमेंट रस्ता, नाली, हायमास्ट दिवा, शाळेला रंग, स्मशानभूमीला कुंपण. यादी करायला माझी ना नाही. बाजाराला जाताना आपणही करतो. पण यादीला क्रम नसतो, आणि क्रमाशिवाय आराखडा नाही. एका गावात मी पाहिले, आधी सिमेंट रस्ता झाला, मग नळाची पाइपलाइन आली, मग रस्ता फोडला. दोन्ही कामे यादीत होती, दोन्ही पूर्ण झाली, दोन्हींवर खूण होती. रस्त्यावर मात्र खड्डे. पाइप आधी, रस्ता नंतर, एवढे सांगायला इंजिनियर लागत नाही. पण ज्या दिवशी यादी झाली त्या दिवशी कोणी ते मोठ्याने म्हटले नाही.

आणि या याद्या नेहमी वेशीपासून सुरू होतात, चावडीकडे, देवळाकडे सरकतात. वस्तीच्या शेवटच्या घराशी पोचेतो पैसा संपतो. ते घर कोणाचे असते, तुम्हाला माहीत आहे. आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्याचे, पाणंदीच्या पलीकडच्या दोन-तीन घरांचे. पावसाळ्यात तिथली लेकरे शाळेत यायची बंद होतात, चपला हातात धरून चिखलातून येणार तरी किती दिवस? त्या घरापासून आराखडा सुरू करून बघा. शेवटच्या घराच्या दारात पावसाळ्याआधी काय पोचले पाहिजे ते लिहा, तारखेसकट. मग मागे या. त्यासाठी काय लागेल, ते कोणाच्या वावरातून जाईल, त्याचे पीक कधी निघते, संमती कोण घेणार, पैसा कोणत्या महिन्यात येतो. असे मागे येत येत तुम्ही आजच्या दिवसाशी पोचाल आणि आज काय करायचे ते कळेल. बऱ्याचदा ते अगदी क्षुल्लक निघते. कोणाच्या तरी घरी जाऊन धुऱ्याच्या वादावर चहा पिणे, एवढेच.

माझे गावाला एकच मागणे आहे. पुढच्या ग्रामसभेत आराखडा वाचला जाईल. पुढच्या ओळीतले मान डोलावतील, फोटो निघेल. त्या वेळी मागे भिंतीला टेकून बसलेल्यांपैकी कोणीतरी उठून एवढेच विचारावे: “हे आमच्या दारात कोणत्या महिन्यात?” आणि ग्रामसेवकाने जो महिना सांगितला असेल तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.